धातूवर चढवण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचे बेटावरचे चाळीस फोटो मिळाले. दोन संध्याकाळी तेच पाहत बसलो होतो. पहिल्या दिवशी भराभर, दुसऱ्या दिवशी एकेक करून. हे सगळे मेटल प्रिंट करून एकाच भिंतीवर लावायचे, असं तू लिहिलं आहेस. मला विचारशील तर यातले तीनच मेटलवर जावेत. पाच-सहा मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, कागदावर फार सुंदर दिसतील. उरलेल्यांमध्ये जागा तू अचूक निवडली आहेस, पण तिथून लवकर उठलीस.

तीनच का, ते आधी सांगतो. मेटल प्रिंटमध्ये धातूवर शाई फासलेली नसते. साधारण एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पॉलिस्टरचा एक थर दिलेला असतो. फोटो ट्रान्सफर पेपरवर उलटा छापतात, तो त्या थरावर ठेवतात आणि हीट प्रेसमध्ये सुमारे २०० अंश सेल्सिअसला दाबून धरतात. त्या उष्णतेत रंग पातळ न होता थेट वायू होतो आणि थराच्या आत शिरतो. पत्रा निवला की तो तिथेच अडकून राहतो. खोलीतला उजेड मग या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि रंगातून पुन्हा बाहेर येतो. मॅट कागदाचा पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखरून टाकतो, इथे तो बराचसा सरळ परततो. ती झळाळी यातून येते.

म्हणजे मेटलला उजेड लागतो, आणि तो फोटोतही असावा लागतो. ओहोटीत उघडा पडलेला काळा खडक आणि त्यावर राहिलेला पाण्याचा पापुद्रा. फुटायच्या क्षणी लाटेच्या पोटातून आलेला हिरवा प्रकाश. ढगांखालचा तो रुपेरी समुद्र. हे तुझे तीन. तिन्हींचा विषय उजेड हाच आहे. आता बेटाच्या मधल्या जंगलातली शेवाळलेली खोडं बघ. तिथलं सौंदर्य सावलीतल्या सावल्यांमध्ये आहे, आणि चकचकीत पत्र्यावर त्याच एकमेकींत बुडतात. माझा पहिला मोठा मेटल प्रिंट अशाच झाडीचा होता आणि मी तो खिडकीसमोर लावला होता. दिवसभर त्यात झाडांपेक्षा खिडकीच जास्त दिसायची. वर्षभराने तो उतरवून तीच फाइल मॅट कागदावर छापली, तेव्हा कुठे खोडांमागची खोडं दिसायला लागली.

आता लवकर उठण्याबद्दल. तुझ्या खडकातल्या डबक्यांचे नऊ फोटो आहेत आणि नऊही भर दुपारचे, अर्धवट ओहोटीचे. एका भरतीपासून पुढची भरती बऱ्याच किनाऱ्यांवर साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे सगळं वेळापत्रक रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं. आज ओहोटी सूर्योदयाला असेल तर तशी ती पुन्हा जवळपास पंधरवड्याने मिळते. त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि एरवी बुडालेले खडक तासाभरासाठी वर येतात. बेटावर जायची तारीख सुट्टी पाहून ठरवू नकोस. आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघड, मग सूर्योदयाची वेळ, आणि दोन्ही जुळतील ते दोन-तीन दिवस धर.

तिथे पोहोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच असू दे. लाटा एकसारख्या येत नाहीत. मोठ्या लाटा जथ्याने येतात आणि मधल्या शांततेवर विश्वास टाकून माणूस पुढे सरकतो. खडक कुठवर ओला आहे, शेवाळ कुठे संपतं, ते बघ. ट्रायपॉड त्या रेषेच्या वरच. समुद्राकडे पाठ करून लेन्स बदलू नकोस. हे मी तुला आईवडिलांच्या जागी राहून सांगतो आहे.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं, ते तू विचारलं होतंस. तीस सेकंदांत समुद्राचं धुकं होतं, आणि तुझ्या अर्ध्या फोटोंत ते झालं आहे. धुकं कागदावर छान दिसतं. मेटलसाठी अर्ध्या सेकंदापासून एक सेकंदापर्यंत राहून बघ, त्यात परतणाऱ्या पाण्याच्या रेघा उरतात. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चकाकी कापणारा फिल्टर, ओल्या पानांवरची आणि खडकांवरची पांढरट चकाकी काढतो, डबक्याचा तळ दाखवतो. पण आकाशात त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो, त्यामुळे वाइड लेन्सवर निळ्याचा एक गडद पट्टा पडतो. तुझ्या अकराव्या फोटोत तो आहे. आणि एक: तुझ्या त्या रुपेरी समुद्राच्या फोटोत पोलरायझर असता तर फोटोच उरला नसता. ती चकाकीच तर तुला हवी होती.

एका गोष्टीवर जरा थांबतो, कारण तुझ्या फोटोंत ती जवळपास नाही. बेटावरचं बरंचसं जीवन कुठून तरी आलेलं असतं. आइसलँडजवळ नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातल्या ज्वालामुखीतून सुर्त्से बेट वर आलं. उद्रेक १९६७ पर्यंत चालला, तरी १९६५ मध्येच तिथे पहिलं फुलझाड उगवलेलं सापडलं. पुढे वाऱ्याने, पाण्याने आणि पक्ष्यांनी बिया आणल्या. गल पक्ष्यांची वसाहत झाली तशी त्यांच्या विष्ठेने माती सुपीक झाली आणि हिरवळ पसरली. ते बेट अभ्यासकांशिवाय इतरांना बंद आहे, पण हाच शोध कुठल्याही बेटावर घेता येतो. भरतीने टाकलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेवर उकिडवं बस, तिथे अंकुर सापडतील. वाऱ्याच्या तोंडावरची झाडं बघ: खारा वारा त्या बाजूचे कोंब जाळतो, म्हणून अख्खं झाड समुद्रापासून आतल्या बाजूला कलल्यासारखं वाढतं. बेटाच्या मागच्या, आडोशाच्या बाजूला त्याच जातीचं झाड सरळ असतं. ही जोडी तू अजून टिपलेली नाहीस.

पक्ष्यांच्या बाबतीत मी कडक आहे. गालापागोस बेटांवर प्राण्यांपासून किमान दोन मीटर अंतराचा नियम आहे आणि फ्लॅशला मनाई आहे. तिथले प्राणी माणसाला घाबरत नाहीत, तरीसुद्धा. इतर ठिकाणी हे अंतर कितीतरी जास्त हवं. जमिनीवर घरटं करणारा पक्षी उठला की अंडी उन्हात पडतात आणि शिकारी पक्ष्यांना दिसतात. तुझ्या कुररीच्या फोटोत पक्षी थेट तुझ्याकडे बघून ओरडतो आहे. फोटो तीक्ष्ण आहे, तरी तो भिंतीवर लावू नकोस. पुढच्या वेळी लांब लेन्स घे आणि तिथे ड्रोन उडवू नकोस.

लेन्सच्या काचेवर खारे तुषार उडाले तर कोरडं फडकं फिरवू नकोस, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा रबरी फुगा, मग गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं स्वच्छ कापड, मग पुसणं. खोली थंड आणि बाहेर दमट हवा असेल तर कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू दे, नाहीतर काचेवर दव धरतं.

छापण्याकडे परत येतो. तुझा कॅमेरा ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे, म्हणजे इंचाला २०० पिक्सेल धरले तर ७६ बाय ५१ सेंटिमीटर. भिंतीसाठी एवढं भरपूर आहे, त्यात अजून कापाकापी केलीस तर मात्र नाही. शार्पनिंग कमी ठेव, मेटलवर कडा आधीच टोकदार दिसतात. लॅबकडून त्यांचा आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, मागून घे आणि सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर फोटो कसा दिसेल त्याचा अंदाज, स्क्रीनवर बघ. तरीही मोठा प्रिंट सांगण्याआधी त्याच पत्र्यावर एक छोटा नमुना काढ आणि जिथे लावायचा आहे तिथे सकाळी, दुपारी, दिवा लावल्यावर, असा बघ. समोर खिडकी असेल तर चकचकीत ग्लॉसऐवजी कमी चकाकणारं सॅटिन घे. थेट ऊन पडणारी भिंत टाळ, हे रंग अतिनील किरणांनी फिकटतात. पांढरं अस्तर नसलेलाही पत्रा मिळतो. त्यात फोटोतल्या पांढऱ्याच्या जागी उघडा धातू दिसतो. तो लाटेच्या फोटोला नको, फेस राखाडी होईल. रुपेरी समुद्राला मात्र मी तोच निवडेन.

काळ्या खडकाची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, छापायला देण्याआधी मला पाठव. उजवीकडच्या कपारीत जे पांढरं दिसतं आहे, ते वाळलेलं मीठ आहे की जास्त उजेडाने तिथला तपशीलच उडाला आहे, हे तू पाठवलेल्या लहान फाइलवरून मला सांगता येत नाही.

तुझा,
काका