विंडोज ११ वर यूएसबी प्रिंटर दिसतच नाहीये, काय करू?

लगेच ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड करत बसू नका, आधी केबल बघा. हब किंवा एक्स्टेंशन लावलं असेल तर काढा आणि थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला जोडा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला. मग विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवतो तो) उघडून ठेवा आणि केबल काढून परत लावा. यादी जराही हलली नाही, टिंग असा आवाजही नाही, तर दुसरी केबल आणि दुसरं पोर्ट ट्राय करा, कारण कॉम्प्युटरला काही जोडलंय हेच कळत नाहीये, तिथे ड्रायव्हर काय करणार!

यादीत पिवळ्या खुणेसकट काहीतरी आलं तर मात्र बहुधा ड्रायव्हरचंच प्रकरण. सेटिंग्जमधून जुना प्रिंटर रिमूव्ह करा, केबल काढा, कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या आणि इन्स्टॉल करताना तो सांगेल तेव्हाच केबल लावा (बरेच जण आधीच लावून मोकळे होतात आणि मग विंडोज स्वतःचंच काहीतरी बसवतं).

आणि प्रिंटर दिसतोय पण ऑफलाइन म्हणतोय किंवा प्रिंट रांगेतच अडकलीय, तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळतो तो) रिस्टार्ट करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं.

वायफायवाला असेल तर केबलचं सगळं सोडा, प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर आहेत का बघा. बरेच प्रिंटर वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँड पकडतात, सेटअपला ५ वालं नेटवर्क दिलं की ते त्यांना दिसतच नाही.