तपासणी झाली, पण चष्मा आला का?

पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

शाळेच्या मासिक पत्रकाचा तू पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांनी हे काम तुझ्याकडे सोपवले आणि तू ते मनापासून केले आहेस, हे ओळीओळीत दिसते. विद्यार्थी सुरक्षितता, आरोग्य आणि गुणवत्ता असे तीन भाग करून तू लिहिले आहेस की सीसीटीव्ही कॅमेरे बसवले, तक्रारपेटी लावली, आरोग्य तपासणी पार पडली, शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास सुरू झाले. यातले काहीही खोटे नाही. तरीही हे पत्रक हातात घेणाऱ्या आईला आपल्या मुलाबद्दल यातून नेमके काय कळेल, हा प्रश्न मला वाचताना सतत पडत राहिला आणि त्याचे उत्तर मला मसुद्यात सापडले नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

तुझी बहुतेक वाक्ये कामाच्या पहिल्या टप्प्यावर थांबली आहेत. पेटी लावणे, तपासणी करणे, समिती नेमणे ही सुरुवात असते. पालकांना सांगायचे ते शेवटच्या टप्प्याचे, म्हणजे ज्या मुलासाठी हे सगळे केले त्याच्यापर्यंत काय पोचले याचे. हे मला कोणी शिकवले नाही. एका मुलाचे पाच महिने वाया गेल्यावर मी ते शिकले.

मी मुख्याध्यापिका असताना तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरची गणिते तो वहीत उतरवून घेई तेव्हा ६ चा ८ होई आणि ३ चा ५. मग त्या चुकलेल्या आकड्यांची बेरीज मात्र तो अगदी बरोबर करी. वर्गशिक्षिकेने त्याच्या नावापुढे ‘गणितात कच्चा’ अशी नोंद केली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक जुलैमध्ये शाळेत आले, त्यांनी त्याचे डोळे तपासले, पुढील तपासणीसाठी संदर्भचिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली, आणि मी ऑगस्टच्या अहवालात ‘आरोग्य तपासणी १०० टक्के पूर्ण’ असे अभिमानाने लिहिले. डिसेंबरमध्ये कशासाठी तरी त्याचे दप्तर उघडावे लागले, तेव्हा बाजूच्या कप्प्यात पेन्सिलीच्या टरफलांखाली ती चिठ्ठी चार घड्या घालून तशीच पडलेली होती. त्याची आई चार घरची धुणीभांडी करीत असे. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो आणि तिचे कामही सकाळचेच, त्यामुळे एक खाडा म्हणजे एका घरचे बोलणे आणि महिन्याच्या पगारातून कपात. हे तिला कोणी विचारले नव्हते, कारण आमच्या कागदावर तिच्या मुलाचे काम पूर्ण झालेले होते. पुढच्या मंगळवारी मी त्या दोघांबरोबर दवाखान्यात गेले. चष्मा आल्यानंतर पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, “बाई, फळ्यावर तारखेखाली रेघ असते होय?” ती रेघ त्या फळ्यावर रोज मारली जात होती.

म्हणून आरोग्याच्या भागात तू ‘तपासणी पार पडली’ एवढ्यावर थांबू नकोस. किती मुलांना पुढे पाठवायला सांगितले, त्यांपैकी किती प्रत्यक्ष दवाखान्यात पोचली आणि किती जणांना चष्मा, औषध किंवा उपचार मिळाला, असे तीन आकडे दे. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, शाळेतील मुलांसाठी पथक वर्षातून एकदा येते, आणि जन्मजात व्यंग, कमतरतांचे आजार, बालपणीचे इतर आजार व वाढीतील विलंब हे सगळे त्यांच्या कक्षेत येते. पथक आपले काम करते. चिठ्ठीपासून दवाखान्यापर्यंतचे अंतर मात्र शाळेने चालायचे असते. आपल्या शहराला हे नवीन नाही. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः पाठीवर घेऊन आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोचल्या, आणि त्याच संसर्गाने १० मार्चला त्यांचे निधन झाले. मी त्यांचे नाव जयंतीच्या भाषणासाठी घेत नाही. निरोप पाठवून त्या थांबल्या नाहीत, एवढेच मला सांगायचे आहे.

जंतनाशक गोळीचेही तसेच आहे. ठरलेल्या दिवशी हजर मुलांना गोळी मिळते, पण त्या दिवशी गैरहजर असणारी मुले बहुधा तीच असतात जी एरवीही गैरहजर असतात, आणि त्यांनाच तिची गरज अधिक असते. राहिलेल्यांसाठी नंतरचा एक दिवस ठेवलेला असतो; त्या दिवशी किती जणांना दिली ते लिही. लोहाच्या गोळ्यांबाबत पत्रकात एक ओळ समजावणीची असू दे, की गोळी जेवणानंतर घ्यायची आणि ती घेतल्यावर शौचास काळसर होणे ही घाबरण्याची बाब नाही. अनेक आया केवळ त्या भीतीने गोळी बंद करतात.

पाण्याबद्दल तुझ्या मसुद्यात एकही ओळ नाही, आणि पुण्यातील शाळेच्या पत्रकात ती नसणे मला चालणार नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले, तेव्हा दूषित पाणी आणि कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू यांची नावे घराघरांत पोचली. हातापायांतील बळ जाणे म्हणजे काय, हे लोकांनी शेजारच्या घरात पाहिले. त्यानंतर कितीतरी पालकांनी मला फोन करून एकच विचारले, की शाळेची टाकी केव्हा धुतली. त्या प्रश्नाचे उत्तर तारखेसह देता येणे ही शाळेची प्रतिष्ठा आहे. टाकी धुतल्याची तारीख लिही, झाकण बंद असते का ते स्वतः जिना चढून पाहा, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन ओ. टी. (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने तपासून घे. नमुन्यात थेंब टाकले की पाणी पिवळे होते, आणि नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असायला हवे. ही चाचणी सातवीच्या मुलांसमोर कर. ती घरी जाऊन सांगतील आणि त्यापेक्षा चांगले पत्रक छापता येत नाही. पोषण आहार वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव घेऊन नोंद करायची, हा नियम तू जाणतेसच. बिहारमध्ये २०१३ च्या जुलैमध्ये कीटकनाशक मिसळलेल्या शाळेच्या जेवणाने २३ मुले दगावली, हे आठवले की त्या वहीतील सही मला कधीच नुसती औपचारिकता वाटली नाही.

आता सुरक्षिततेकडे येते. बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये शासनाने कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबाबत शाळांना स्पष्ट सूचना दिल्या. तुझ्या मसुद्यात या चारही गोष्टी ‘केल्या’ म्हणून नोंदवल्या आहेत. मी विचारते ते असे : चित्रीकरण कोणी आणि केव्हा पाहिले, पेटी कोणासमोर उघडली, त्यातील चिठ्ठ्यांचे काय झाले? पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, बरोबर कॅमेऱ्यासमोर लावली असेल तर ती वर्षभर रिकामी राहील, आणि रिकाम्या पेटीचा अर्थ ‘तक्रार नाही’ असा लावला जाईल. आमच्या शाळेत मी ती मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात हलवली. पहिल्याच आठवड्यात वहीच्या कागदाच्या तुकड्यावर एक ओळ आली : ‘तिसऱ्या संडासाला आतून कडी नाही.’ सहावीच्या मुलींना विचारले तेव्हा कळले, की तिथे जावे लागू नये म्हणून कित्येक जणी सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. दुपारच्या तासिकांना त्यांचे डोके का दुखते, लक्ष का लागत नाही आणि लघवीच्या जळजळीमुळे दोघी-तिघी वारंवार गैरहजर का राहतात, या सगळ्याला कारण किरकोळ किमतीची एक कडी होती. ती त्याच संध्याकाळी बसवली, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी मुलींना सांगितले की चिठ्ठी मिळाली, कडी बसली. त्यानंतर चिठ्ठ्या येऊ लागल्या, आणि त्यांतल्या काही कडीपेक्षा फार गंभीर होत्या.

गंभीर चिठ्ठी आली, किंवा एखादे मूल तुझ्यापाशी येऊन काही बोलले, तर काय करायचे हे आजच मनाशी पक्के कर, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. शांतपणे ऐक, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेव, पुन्हा पुन्हा विचारू नकोस आणि ज्याच्याबद्दल ते मूल बोलले त्याला समोर बोलावू नकोस. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या, इतकेच नव्हे तर तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. ‘आधी आपण आपसात चौकशी करू, संस्थेचे नाव खराब होईल’ असे तुला कोणी ज्येष्ठ सांगेल. मला सांगितले होते. ऐकू नकोस. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक पत्रकाच्या प्रत्येक अंकात, मुलांनाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात छाप. मात्र घटना, वर्ग, गल्ली, आडनाव, मूल ओळखता येईल असे काहीही पत्रकात किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कधीही जाता कामा नये; कायदाही तेच सांगतो. हाच संकोच कमी वजनाच्या, आजारी किंवा मागे पडलेल्या मुलांबाबतही पाळ. आकडा द्यावा, नाव देऊ नये.

रिक्षा आणि व्हॅनबद्दल थोडेच लिहिते. शालेय परिवहन समितीची सभा झाली ही बातमी नव्हे. प्रत्येक गाडीत किती मुले बसतात हे एखाद्या सकाळी फाटकाशी उभी राहून मोज आणि तो आकडा समितीपुढे ठेव. रिक्षावाले काका बहुतेक जिवाला जीव देणारे असतात, पण चौदावे मूल दांडीवर बसले की त्यांच्या चांगुलपणाचा त्या मुलाला उपयोग नसतो.

गुणवत्तेच्या भागात तू शिष्यवृत्तीधारकांची नावे दिली आहेस. जरूर दे, त्या मुलांनी कष्ट केले आहेत. पण तो भाग तेवढ्यावर संपवू नकोस. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा सगळा रोख तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे यावर आहे, आणि ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलाचे वाचन तपासतात. तू वर्गात हेच कर. ४० मुले, प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे महिन्यातून दोन तास. मुलाला शेजारी बसव, बालभारतीच्या पाठातला न शिकवलेला उतारा वाचू दे, आणि वहीत त्याची पायरी लिहून ठेव. मग पत्रकात लिहिता येईल की जूनमध्ये अक्षरापाशी अडलेली नऊ मुले होती, त्यांतली सहा आता परिच्छेद वाचतात आणि तिघांवर काम चालू आहे. ते ‘तिघांवर काम चालू आहे’ लिहायला तुझे मुख्याध्यापक कदाचित कचरतील, विस्तार अधिकारी भुवया उंचावतील, आणि तरीही मी सांगते की ते लिही. उरलेल्या तिघांचे पालक ते वाचून आपणहून शाळेत येतात, असा माझा अनुभव आहे. शाळेने आधी खरे सांगितले की घरही खरे सांगते : वडिलांचे काम सुटले आहे, घरात अभ्यासाला जागा नाही, मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते.

हे सगळे तुला कुठून हाती लागेल, तर हजेरीपटातून. महिनाअखेरीस टक्केवारी काढण्यापूर्वी प्रत्येक नावापुढची रांग डोळ्यांखालून घाल. दर सोमवारी कोण नसते, पोषण आहार झाल्यावर कोण दिसत नाही, बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्या कुटुंबाचे मूल सलग चार दिवस का आले नाही, हे तिथे लिहिलेले असते. ९२ टक्के उपस्थिती ऐकायला चांगली वाटते, पण ४० च्या वर्गात तेवढी उपस्थिती तीच ती तीन मुले रोज गैरहजर राहूनही भरते.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्याकडे ये. जेवायलाच थांब. येताना जुलैच्या तपासणीतील संदर्भचिठ्ठ्यांची यादी आणि तुझ्या वर्गाचा हजेरीपट आण. दोन्ही शेजारी ठेवून आपण नावे जुळवून पाहू, आणि ज्यांच्या आयांना सकाळी दवाखान्यात जाता येत नाही त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात कोण जाऊ शकेल ते ठरवू. मंगळवार आणि गुरुवार मला मोकळे असतात.

तुझ्या बाई