वाचकांचे प्रश्न : बटरचा वास आणि न थांबणारी धाप

प्रश्न : माझे यजमान बेकरीसाठी फ्लेवर बनवणाऱ्या कारखान्यात चार वर्षं मिक्सिंगला आहेत. सहा महिन्यांपासून कोरडा खोकला आहे, जिना चढला की धाप लागते. दम्याचा पंप चालू आहे, पण उतार नाही. एक्स-रे साफ आला. याचा कामाशी संबंध असेल का?

उत्तर : ताई, असू शकतो, आणि तो तपासायला उशीर करू नका. लोण्याचा वास देणाऱ्या अनेक फ्लेवरमध्ये डायअसिटिल नावाचं पिवळसर द्रव रसायन असतं. लोण्यातही ते मुळात थोडं असतंच, त्यामुळे पोटात जाण्याची इथे चिंता नाही. पण त्याची वाफ रोज छातीत जात राहिली तर फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनलिकांचं अस्तर जळतं. ते भरून येताना व्रण धरतो आणि नळी आतून आवळत जाते. या आजाराला ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात. २००० साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या जास्पर इथे मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या आठ माजी कामगारांमध्ये तो आढळला. चौघे तर फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत होते. सर्वांत जास्त झळ मिक्सिंगच्या माणसांना बसली. गरम तेलाच्या टाकीत ते फ्लेवर ओतत. डायअसिटिल ८८ अंशांना उकळतं, म्हणून गरम टाकीवर त्याची वाफ झपाट्याने उठते.

दम्याशी गल्लत इथेच होते. कामावरून होणारा दमा सुट्टीत सहसा हलका होतो, पंपाने छाती मोकळी होते. यात तसं होत नाही. एक्स-रेही बऱ्याचदा साफच येतो. म्हणून छातीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत काम काय आहे ते सांगा, आणि पंप देण्याआधी व नंतर अशी स्पायरोमेट्री (नळीत जोराने फुंकून श्वासाची ताकद मोजणारी तपासणी) करून घ्या. एचआरसीटी (छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) काढायला सांगितला तर श्वास पूर्ण सोडलेल्या स्थितीतल्या प्रतिमाही घेणार का, हे विचारा. आत अडकून राहिलेली हवा त्यातच नीट दिसते. नोकरीला लागतानाचा स्पायरोमेट्रीचा कागद असेल तर तो जरूर न्या. तेव्हा पहिल्या सेकंदाला ४.२ लिटर हवा बाहेर पडत होती आणि आता ३.६ पडते, तर ही १४ टक्क्यांची घट झाली. ३.६ हा आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसला तरी ती घट गंभीरच आहे.

रिपोर्टची वाट न पाहता मिक्सिंगमधून बदली मागा. आवळलेली नळी पुन्हा उघडत नाही; मात्र संपर्क तुटला की बऱ्याच जणांची घसरण थांबते. कारखान्याकडे फ्लेवरची सुरक्षा माहितीपत्रिका (एसडीएस) लेखी मागा. तिच्यात ४३१-०३-८ हा रसायनाचा ओळख क्रमांक (सीएएस) दिसला तर ते डायअसिटिल. ६००-१४-६ दिसला तर ते २,३-पेंटेनडायोन. डायअसिटिलऐवजी हेच वापरून ‘आम्ही डायअसिटिल बंद केलं’ असं सांगितलं जातं, पण त्यानेही श्वासनलिकांना तशीच इजा होते.

प्रश्न : आमच्याकडे एन-९५ मास्क देतात. तेवढं पुरे का?

उत्तर : नाही. एन-९५ धूळ अडवतो, वाफ आरपार जाते. सेंद्रिय वाफ शोषून घेणारी डबी (कार्ट्रिज) आणि धुळीचा फिल्टर असा जोड असलेला, डोळेही झाकणारा पूर्ण चेहऱ्याचा रेस्पिरेटर लागतो. दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि कडेने वाफ शिरते. कार्ट्रिज ठरल्या तारखेला बदला. वास येईपर्यंत थांबू नका, कारण नाक या वासाला लवकर सरावतं.

तरी मास्क हा शेवटचा आडोसा. आधी टाकीला झाकण आणि टाकीच्या तोंडाशीच वाफ ओढणारा एक्झॉस्ट हवा, फ्लेवर पंपाने बंद नळीतून आत सोडायला हवा, आणि तेल चालेल तितकं कमी गरम ठेवायला हवं. पावडर फ्लेवरही निर्धोक नाही. पोतं ओतताना उडणारी धूळ छातीतच जाते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१६ साली सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या पाळीला हवेच्या अब्ज भागांत ५ भाग डायअसिटिल, इतकी कमी आहे. खोलीत बटरचा घमघमाट सुटत असेल तर हवेची मोजणी करून घ्या, आणि मिक्सिंगमधल्या प्रत्येकाची स्पायरोमेट्री दर सहा महिन्यांनी करा.