‘चारचौघींसारखी झाले तर मी संपलेच’

पहिल्या भेटीत ती खुर्चीवर नीट टेकलीही नव्हती, तोवर प्रश्न आला. “मॅडम, पुढे गेलेली माणसं जगाच्या उलटं वागलेलीच असतात ना?” वय सव्वीस, शिक्षण आर्किटेक्चरचं, दुसरी नोकरी सुटायच्या बेतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न मला नवीन नाही. कधी आई-वडील विचारतात, “मुलगा जरा विक्षिप्त आहे, पण असेच लोक नाव काढतात म्हणे, खरं का?” कधी मुलं स्वतः येतात. हिचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं : “चारचौघींसारखी झाले तर मी संपलेच.”

त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. तिला धीर द्यायच्या नादात मी डिक फॉसबरीची गोष्ट सांगितली. हा अमेरिकन उंच उडीपटू, सगळे पोटावरून दांडी ओलांडत असताना हा पाठीवर उलटा होऊन गेला. लोक हसले, आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये २.२४ मीटर उडी मारून त्याने सुवर्णपदक नेलं. ती खुलली. दोन आठवड्यांनी आली ती राजीनाम्याचा मसुदा घेऊनच. “फॉसबरीलाही हसलेच होते की!” मी अर्धी गोष्ट सांगितली होती, आणि तिने नेमकी तेवढीच घरी नेली होती.

मी मसुदा बाजूला ठेवायला लावला आणि ऑफिसमध्ये काय बिनसलं ते विचारलं. बराच वेळ ‘वातावरण’, ‘जुनाट विचार’ असं चाललं. मग खरी हकिगत निघाली. एका जुन्या घराच्या फेरबदलाचा नकाशा तिने केला होता. पाडायच्या भिंती तुटक रेषेने दाखवायची ऑफिसची पद्धत तिला आवडत नव्हती. ठेवायची भिंत काळी, पाडायची लाल, नवी निळी, असं तिने सुरू केलं. पडद्यावर सुरेख दिसायचं, म्हणाली. साइटवर मात्र गेली काळी-पांढरी प्रिंट. गवंड्याला तिन्ही रेषा सारख्याच. दोन खोल्यांमधली जी भिंत ठेवायची होती, ती दुपारपर्यंत आडवी झाली. नशिबाने तिच्यावर भार नव्हता.

“आणि सर म्हणाले, तुला शहाणपणा कोणी सांगितला होता?” हे सांगताना तिचे डोळे भरले. तो शब्द लागला होता. भिंतीबद्दल ती फारसं बोलली नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

मग फॉसबरीची उरलेली गोष्ट सांगितली. तो वेगळं काही करून दाखवायला निघालाच नव्हता. शाळेत असताना स्ट्रॅडल ही तेव्हाची प्रचलित उडी त्याला जमेना. म्हणून तो आणखी जुन्या, मागे पडलेल्या कात्री उडीकडे गेला, आणि दांडीला कंबर लागू नये म्हणून थोडा थोडा मागे रेलत गेला. त्याच सुमारास वाळू आणि भुशाच्या खड्ड्यांच्या जागी फोमच्या गाद्या येऊ लागल्या होत्या. वाळूत मानेवर पडायची हिंमत कोण करणार? त्याच काळात कॅनडात डेबी ब्रिल ही मुलगी, फॉसबरीला न पाहता, जवळजवळ तशीच उडी मारायला लागली होती. एका पायावरूनच उडायचं हा नियम दोघांनीही पाळला. दांडीही इतरांचीच होती. आणि ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : पुढच्याच, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण जिंकणारा जूरी तारमाक जुन्या स्ट्रॅडलनेच उडाला, २.२३ मीटर. एकच सेंटिमीटर कमी.

ती गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे वेगळेपणाचा काही उपयोगच नाही?”

असं नाही. पण उलटं वागून गाळात गेलेल्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही, त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर राहतात ते तरलेलेच. वेगळेपणा यशाचं कारण की यशस्वी माणसाच्या अंगावर उठून दिसणारा रंग, हे दुरून कळत नाही.

एका आठवड्याचं काम दिलं : कामात जे जे इतरांपेक्षा वेगळं केलंस ते लिही, आणि शेजारी लिही, नेहमीची पद्धत नेमकी कुठे अडत होती. ती अकरा नोंदी घेऊन आली. शेजारचा रकाना तिघांनाच होता. उरलेल्या आठांपुढे तिने आधी नुसती रेघ मारली होती, मग ती खोडून चार ठिकाणी ‘कंटाळा’ लिहिलं होतं. एवढा प्रामाणिकपणा मी खूप कमी वह्यांमध्ये पाहिलाय.

गंमत म्हणजे त्या तीन नोंदींत रंगीत रेषा होत्या. तुटक रेषा बारीक छापली गेली की सलग वाटते, ही अडचण खरीच होती. कारण बरोबर होतं. नकाशा शेवटी कोणाच्या हातात, कसल्या कागदावर जातो, एवढंच तिने विचारलं नव्हतं.

मग मी हॉलंडरांचं म्हणणं सांगितलं. एडविन हॉलंडर या मानसशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये मांडलं की माणूस आपलं काम आणि गटाच्या अपेक्षा सांभाळत गेला की त्याची गटात एक पत साठते. पुढे तो रीत मोडतो तेव्हा ती पत खर्च होते. शिल्लक असेल तर लोक ‘बघू तरी’ म्हणतात, नसेल तर ‘शहाणपणा’ म्हणतात.

तिला ते रुचलं नाही. “म्हणजे आधी मान तुकवायची, मग बंड?” रास्त शंका होती. काही ऑफिसांत पत कितीही साठवा, खर्च करूच देत नाहीत, तिथून निघावंच. पण हिच्या बाबतीत पत म्हणजे सरांपुढे वाकणं नव्हतं. हिने काढलेली रेषा जे सांगते तेच खरं, हा गवंड्याचा भरवसा, एवढाच तिचा अर्थ होता.

राजीनामा तिने दिला नाही, फाडलाही नाही. बॅगेतच आहे म्हणाली. मीही आग्रह धरला नाही. त्यानंतर ती तीनदा आली. मधल्या काळात साइटवर जाऊन तिने गवंड्याकडून नकाशा वाचून घेतला, आणि त्याचं बोट कुठे अडतं ते पाहत राहिली. मग रंग ठेवले, पण पाडायच्या भिंतीत तिरप्या रेघा भरल्या आणि नवी भिंत ठिपक्यांची केली. प्रिंट काळी निघो की रंगीत, फरक कळतोच.

शेवटच्या भेटीत ती प्रिंट तिने माझ्या टेबलावर पसरली. आदल्या दिवशी सरांनी ती हातात धरून विचारलं होतं, “हे कोणी केलं?”

“मी म्हटलं, मी. ते ‘हं’ म्हणाले आणि गेले.” ती हसत होती. “मॅडम, त्या ‘हं’चा अर्थ काय?”

मला काय ठाऊक!