बास बिअर भारतासाठीच जन्माला आली का?

‘बास’ ही जुनी इंग्लिश बिअर भारतात पाठवण्यासाठीच तयार झाली, हे खरे का, असे आपण विचारले आहे. हे खरे नाही. मात्र भारताची बाजारपेठ मिळाली नसती, तर ही कंपनी एवढी मोठी झाली असती का, याची मला शंका वाटते.

विल्यम बास हा मूळचा मालवाहतूकदार. त्याने १७७७ मध्ये इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी बिअरचा कारखाना काढला, तेव्हा तिथली गोडसर, कडक एल (बिअरचाच एक प्रकार) प्रामुख्याने बाल्टिक समुद्रमार्गे रशियाकडे जात असे. आधी नेपोलियनच्या युद्धांमुळे आणि पुढे १८२२ च्या रशियन जकातीमुळे तो व्यापार बसला. भारतात लंडनच्या हॉजसन यांची फिकट, कडवट एल आधीपासूनच खपत होती; त्याच मालाच्या तोडीची एल प्रथम बर्टनचेच दुसरे बिअर उत्पादक ऑलसॉप यांनी आणि पाठोपाठ बास यांनी बर्टनमध्ये बनवली.

लंडनवर बर्टनने मात केली ती पाण्याच्या जोरावर. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम हे खनिज मुबलक असल्याने हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडवट फुलांचा) कडवटपणा स्वच्छ, कोरडा उतरतो आणि ताज्या ग्लासाला गंधकाचा किंचित वासही येतो. आंबवणीची पद्धतही खास होती: ओकच्या पिंपांची रांग मांडलेली असे, फसफसून वर येणारे यीस्ट वाकड्या नळीतून वरच्या पन्हाळीत पडे आणि त्यासोबत आलेली बिअर पुन्हा पिंपांत उतरे.

१८३९ मध्ये बर्टनला रेल्वे आली आणि देशांतर्गत खपही वाढला. लंडनचे सेंट पँक्रस स्थानक १८६८ मध्ये सुरू झाले, त्याच्या तळघरात बर्टनची बिअर साठवली जाई आणि तिथल्या लोखंडी खांबांमधले अंतर चक्क बिअरच्या पिंपांच्या मापाने ठरवले होते. आज लंडनहून युरोपात जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेचे प्रवासी त्याच खांबांमधून वावरतात. १ जानेवारी १८७६ रोजी बासचा लाल त्रिकोण ब्रिटनमधील पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क ठरला, आणि पुढल्याच वर्षी बास हा जगातील सर्वांत मोठा बिअर कारखाना म्हणून गणला जात होता.

शेवट मात्र विचित्र झाला. २००० मध्ये कंपनीने बिअरचा धंदा बेल्जियमच्या इंटरब्रू कंपनीला विकला; मक्तेदारीच्या आक्षेपामुळे इंटरब्रूला बर्टनचा कारखाना कूर्स कंपनीला द्यावा लागला, बास हे नाव मात्र तिने स्वतःकडे ठेवले. पुढे पिंपातली बास एल कंत्राटावर बर्टनमध्येच, पण एकेकाळच्या प्रतिस्पर्धी मार्स्टन्सच्या कारखान्यात बनू लागली, तर मूळ कंपनीच्या एका शाखेतून आजची इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेल कंपनी उभी राहिली.