शेतातल्या घराच्या सोलरला जुन्या बॅटऱ्यांसोबत चार नव्या जोडू का?

प्रश्न थोडक्यात असा: गगनबावडा रस्त्याला शेतात घर, लाईट नाही, १ किलोवॉटच्या प्लेटा, १५० एएचच्या (एएच म्हणजे साठवणीचं माप) चार ट्यूब्युलर, म्हणजे शिसं-ॲसिडच्या बॅटऱ्या, तीन वर्षं झालेल्या. पावसाळ्यात बॅकअप पुरत नाही. तसल्याच चार नव्या पॅरलल टाकू, की लिथियम घेऊ? खर्च किती येईल?

नव्या टाकू नका. खरं तर उत्तर एवढंच, पण आमच्या घरात याच गोष्टीवरून कित्येक वर्षं वाद चाललाय, त्यामुळं हात शिवशिवले.

आमचं घर पन्हाळ्याच्या अलीकडं, माळावर. खांबांचा खर्च ऐकला आणि २०१७ ला सोलर केलं, अगदी तुमच्यासारखंच. आमचे दाजी वायरिंगची कामं घेतात, म्हणून विजेच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा. २०२० च्या दिवाळीत त्यांनी पदरच्या पैशानं चार नव्या बॅटऱ्या आणून जुन्यांना जोडल्या. मी म्हटलं, "दाजी, प्लेटा तेवढ्याच, मग ह्या भरणार कशानं?" तर म्हणाले, "टाकी मोठी केली की पाणी जास्त मावतंय." नळ तेवढाच आहे ते कोण बघणार! पाहुण्यांनी दिलेली वस्तू, गप्प बसलो.

उन्हाळा झकास गेला. मग जुलै २०२१ चा पूर. दाजींचं घर चिखलीत, त्यामुळं अक्का, पोरं, दोन म्हशी, सगळी आमच्याकडं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, तिकडं सूर्याचा पत्ता नाही. दुसऱ्या रात्री नऊच्या सुमाराला इन्व्हर्टर टूं टूं करून बंद पडला. दाजी म्हणाले, इन्व्हर्टर गेला. मी टॉर्च घेऊन बॅटरीजवळ गेलो तर आंबट वास, आणि जुन्यातल्या एका बॅटरीचा डबा हात ठेववत नाही एवढा गरम. बाकीच्या गार. हायड्रोमीटर घातला, म्हणजे ॲसिड किती दाट आहे ते दाखवणारा तरंगा. नव्यांत ११६० च्या आसपास, जिथं भरल्यावर १२४० पाहिजे. गरम बॅटरीच्या सहाव्या सेलमध्ये तर तरंगा तळालाच बसला.

एक सेल मेला की १२ ची बॅटरी १० ची होते. मग शेजारच्या चांगल्या जोड्या रात्रभर घरातल्या दिव्यांबरोबर त्या मढ्यालाही पोसतात. आणि हिशोब बघा: २४ व्होल्टला दोन-दोनच्या चार जोड्या म्हणजे ६०० एएच. ट्यूब्युलर नीट भरायची तर साधारण दहावा हिस्सा करंट लागतो, म्हणजे ६० अँपिअर. १ किलोवॉटच्या प्लेटा कडक उन्हातही ४० च्या पुढं जात नाहीत, आषाढातलं तर बोलायलाच नको. अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली की आत शिशावर सल्फेट धरतं आणि नवी कोरी बॅटरीसुद्धा म्हातारी होते. आमच्या चार नव्यांपैकी दोन अशाच गेल्या.

तेव्हा पावसाळ्याचं दुखणं असेल तर आधी प्लेटा दुप्पट करा. आता ५४० वॉटच्या मिळतात. त्या जुन्या प्लेटांच्या सिरीजमध्ये घुसडू नका, त्यांना वेगळा एमपीपीटी कंट्रोलर (प्लेटांतून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा डबा) द्या आणि दोन्ही कंट्रोलर त्याच बॅटऱ्यांवर सोडा. मी तेच केलं. जुन्या चारही भंगारात घातल्या.

हां, तुमच्या बॅटऱ्या हिवाळ्यात दुपारी बारालाच फुल होत असतील आणि तरी रात्र निघत नसेल, तर मात्र साठवणच कमी आहे. मग लिथियम घ्या, पण ट्यूब्युलरच्या जोडीला पॅरलल नाही. दोघांचं चार्जिंगचं गणित वेगळं, जुन्या पूर्ण काढूनच. कंट्रोलरचं सेटिंगही बदला, लिथियमला इक्वलायझेशन (मधून मधून मुद्दाम जादा व्होल्टेजनं भरणं) चालत नाही. आणि दोन ५४० सिरीजमध्ये टाकल्या की उघडं (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज शंभराला टेकतं, डिसेंबरच्या पहाटे गारठ्यात आणखी चढतं. १०० व्होल्टचा कंट्रोलर घेतला तर उडालाच म्हणून समजा, १५० चा घ्या. सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ग्रिडला जोडलेल्यांना आहे. कुणी ऑफग्रिडला मिळवून देतो म्हणाला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. खर्चाचं दोन-तीन दुकानांत विचारा, दर सारखे बदलतात.

दाजी अजून म्हणतात, बॅटऱ्या चांगल्याच होत्या, पुरात म्हशींसाठी कडबाकुट्टी चालवली म्हणून उतरल्या. आमची कडबाकुट्टी हाताची आहे. त्या दोन दिवसांत तिचं चाक त्यांचाच पोरगा फिरवत होता.