चार दिवसांत स्वीकारलेला लेख

प्रश्न : मी नागपूर विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी. करते. गोळीबार चौकातल्या हलबा कोष्टी विणकरांवरचा माझा लेख एका नियतकालिकाने ४ दिवसांत स्वीकारला आणि ३,००० रुपये मागितले. भरू का? लेखाची प्रत सोबत आहे.

उत्तर : नका भरू, ताई. समीक्षकांना लेख वाचायला महिने लागतात. ४ दिवसांत तो कुणी वाचलेलाच नसणार. प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ च्या नियमांत काढली. तुमच्या विद्यापीठाचा नियम मात्र विचारून घ्या. विश्वासार्ह नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा नियतकालिकाची पारख आता आपणच करायची. संपादक मंडळावर ज्यांची नावं आहेत त्यांतल्या एकदोघांना थेट विचारा, ते खरंच तिथे आहेत का.

लेख मी दोनदा वाचला. पहिली चार पानं जागतिकीकरणावर, विणकर येतात पाचव्यावर! माग विकून मुलाला ऑटो घेऊन देणारी आजी तर नवव्या पानावर आहे. तिच्यापासूनच सुरू करा. मग एकच प्रश्न धरा : माग गेल्यावरही कोष्टी ही ओळख कशी टिकली? बाकी सगळं दुसऱ्या लेखासाठी ठेवा. माझा पहिला लेख परत आला तेव्हा समासात एवढंच लिहिलेलं होतं, ‘तुमचं म्हणणं काय?’ फार लागलं होतं मला, पण प्रश्न बरोबर होता.

नवा मसुदा पाठवा, मी वाचते.